उचला / वाजू द्या

रूअरीने शिकवलं तेवढंच येतं मला:
डाव्या अंगठ्याने चालायचं,
उजव्याने बघायचं,
आणि बोलायचं असेल तेव्हा हिरवं बटण.
अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा चालायला शिकतेय.
पहिल्या दिवशी पाऊण तास
भिंतीला नाक लावून उभी होते.

खेळात मारामारी नाही.
डंडीतलं एक भाड्याचं घर, दोन माणसं, एक हिवाळा.
तो आणि मॉर्व्हेन चार वर्षं खपत होते ह्याच्यावर.
ती बोलणी लिहायची, तो माणसं हलती करायचा,
आणि शेवटच्या वर्षी, खेळ पुरा व्हायच्या आत,
ती आपली खोकी घेऊन ॲबर्डीनला निघून गेली.
का, ते मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. आमच्या घरात विचारत नाहीत.
म्हणून खेळतेय.

शेजारची इशबेल म्हणते, ह्यात जिंकायचं काय असतं गं?
तिला काय सांगू.
घड्याळांच्या कारखान्यात बावीस वर्षं
डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्यात मी.
कुठलं चाक कुठे अडलंय ते मला सापडतं.
सापडायचं.

पहिल्यांदा सगळी भांडी घासली. खेळात घासता येतात.
ती गेली.
दुसऱ्यांदा माफी मागितली.
तिसऱ्यांदा भांडणाच्या आधीच मागून टाकली,
तर ती मुलगी बघतच राहिली,
"कशाबद्दल?" म्हणाली,
आणि खाली तीन उत्तरं आली, तिन्ही खोटी.
चौथ्यांदा मी काहीच दाबलं नाही.
तेव्हा तो पोरगा आपणहून उठला
आणि किटलीत पाणी भरू लागला.
ते उठणं मी ओळखते.
त्याचे वडील असेच उठायचे
बोलणं अगदी ओठांशी आलं की.
पाचव्या खेपेला तर ती लवकरच गेली,
कुंडीसुद्धा न घेता.

मधे एक रविवार येतो.
दोघं खिडकीपाशी. तिला काहीतरी सांगायचंय.
तेवढ्यात फोन वाजतो, पडद्यावर अक्षरं:
आई.
उचला / वाजू द्या.

पाचही वेळा मी वाजू दिला.
मनात काही नव्हतं हो. घाई होती.
इथे दोघांचं कुठे जुळत आलंय,
आणि मधेच ही बाई!

ही बाई.

सहाव्यांदा उचलला.
तिला आवाज दिलेला नाही, नुसती अक्षरं उमटतात.
पुलावर वारा आहे.
कचऱ्याचे डबे आता मंगळवारी नेतात.
इशबेलचं मांजर पुन्हा माझ्या कोळशाच्या खोलीत व्यालंय.
एकेक शब्द माझा.
मग तीन ठिपके.
येतात, जातात, परत येतात,
इतका वेळ, की मला वाटलं यंत्र बिघडलं.
मग: बरं, ठेवते.

ते ठिपके रूअरीचे नव्हेत.
त्याला ते कधी ऐकूच आले नसतील.
ती मुलगी माझ्या ह्याच सोफ्यावर बसायची,
मांडीवर बशी, बिस्किट तसंच,
आणि मी फोनवर बोलत असले की
माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघायची,
वायर बोटाला गुंडाळणाऱ्या.

खेळ संपला की एक पाटी येते:
शंभरातल्या एकाहत्तर जणांनी फोन वाजू दिला.
त्यात पाच वेळा मी आहे.

आज रविवार. समुद्रावरून हार आलाय,
धुक्याला आम्ही हार म्हणतो,
पूल निम्माच उरलाय.
नंबर फिरवला. तिकडे ग्लासगोत त्याच्या हातात
माझं नाव उजळलं असेल.
वाजतोय.
वाजतोय.
"हं, आई."

पुलावर वारा आहे, मी म्हणते.
मग डबे.
मग थांबते.
तोही थांबलाय; लांब कुठेतरी नळ सुरू होतो.

मांडीवर कंट्रोलर पडलाय, बंद.
तरी अंगठा
हिरव्या बटणावर.